व्हिसा नसलेल्या आजीचा एक्स-रे

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका घरातली तीन माणसं सेवाग्राम एक्सप्रेसनं नागपूरहून मुंबईला गेली. बाप, १२ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. घरातली बाई नर्स, माझ्यासारखीच जीएनएम केलेली, मला बरीच ज्युनिअर. ती दीड वर्षापूर्वी ब्रिटनमधल्या एका सरकारी दवाखान्यात लागली होती आणि आता तिनं नवऱ्याला आणि लेकरांना बोलावलं होतं. सहा महिन्यांहून जास्त राहायला ब्रिटनला जायचं असेल, तर भारतातून जाणाऱ्याला टीबी नसल्याचा दाखला आधी द्यावा लागतो. तो त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यातूनच मिळतो. म्हणून मुंबई.

मुलीचा एक्स-रे साफ निघाला. ११ वर्षांच्या आतल्या लेकरांचा एक्स-रे सहसा काढत नाहीत. डॉक्टरांनी मुलाला तपासलं, चार प्रश्न विचारले आणि सोडलं. बापाच्या उजव्या फुप्फुसावर मात्र वरच्या बाजूला सावली दिसली. मग लागोपाठ तीन दिवस सकाळचा बेडका द्यायचा. तो कल्चरला गेला की निकालाला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तीन दिवस मुंबईत लॉजवर काढून तिघं परत आले. रात्री तो एकटाच माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मी आठ वर्षांपूर्वी चार महिने गोळ्या खाल्ल्या होत्या. बरं वाटलं, सोडून दिल्या. घरात कोणालाच सांगितलं नाही."

पुढचे दोन महिने अख्ख्या गल्लीत एकच विषय. अमक्याचा व्हिसा अडकला. मी त्याचे जुने कागद शोधायला फिरले. त्या काळचं उपचार कार्ड मिळालं नाही. शेवटी कल्चर निर्दोष आलं. सावली जुन्या जखमेची होती, चालू रोगाची नव्हती. दाखला मिळाला, व्हिसा झाला, दिवाळीनंतर तिघंही गेले. विमानतळावर सोडायला वस्तीतून दोन गाड्या भरून माणसं गेली होती. मीही होते.

त्या घरात आणखी एक माणूस होतं. नर्सबाईची आई. लेक परदेशी गेली तेव्हा ही ६३ वर्षांची बाई आपलं गावाकडचं घर बंद करून जावयाच्या घरी येऊन राहिली. जावयाकडं राहते म्हणून चार बायांचे टोमणे खाल्ले. दीड वर्ष लेकरांचे डबे, शाळा, तापाच्या रात्री, नातीची पहिली पाळी, सगळं तिनं काढलं. लेकरं गेल्यावर महिन्याभरानं ती मला नळावर भेटली. तिच्या ब्लाऊजची बाही दंडावर लोंबत होती. बायांचं वजन घटलेलं साडीत कळत नाही, बाहीत कळतं. मी विचारलं, "मावशी, खोकला किती दिवसांचा?" म्हणाली, आखाडापासून.

आषाढापासून! म्हणजे ती तिघं मुंबईला एक्स-रे काढायला गेली, तेव्हा ही घरी खोकत होती. आम्ही सगळे त्या घरात जावयाच्या छातीची चर्चा करत होतो आणि ही आतल्या खोलीत तोंडावर पदर धरून खोकत होती. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. ट्रूनॅटवर बेडका तपासला, टीबी निघाला. मी जरा रागानंच विचारलं, सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, "माह्यामुळं लेकराइचा विजा अडला असता तं मंग?"

हा लेख त्या एका वाक्यामुळं लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. त्या दोन महिन्यांत मी त्या घरात निदान दहा वेळा गेले असेन. फॉर्म भरायला, ई-मेल वाचून दाखवायला, फोटोकॉपी मोजायला. दर वेळी मावशीनं चहा दिला. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे तपासणी, हे वाक्य मी गेली वीस वर्षं वस्त्यांमधून सांगत फिरते आणि तो खोकला माझ्या कानासमोर होता. पण माझंही लक्ष फाइलमध्ये होतं. फाइलमध्ये चार नावं होती, आणि माझ्या डोक्यात घरही तेवढंच उरलं होतं.

मावशीची भीती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. टीबी रुग्णाच्या सहवासात आहात का, हे त्या दवाखान्यात विचारतात. तिचं निदान आधी झालं असतं तर लेकरांची जास्त तपासणी झाली असती, काही आठवडे, कदाचित काही महिने जास्त गेले असते. पण उशीर वेगळा आणि नकार वेगळा. ज्याला खरोखर टीबी निघतो, त्यालाही ते कायमचं नाकारत नाहीत. सहा महिन्यांचा उपचार पूर्ण करा, मग पुन्हा तपासणी करून घ्या, असं सांगतात. उशीर टाळायला मावशी गप्प राहिली आणि लेकरं तिच्या कुशीत झोपत राहिली. निदान झालं त्या रात्री मी तिच्या लेकीला फोन केला. ती स्वतः नर्स. पलीकडं बराच वेळ आवाजच आला नाही. तिथं टीबीची तपासणी आणि उपचार कोणालाही फुकट आहेत. दोन्ही लेकरांची तपासणी झाली. मुलगी ठीक आहे. मुलाला रोग झालेला नाही, पण संसर्ग पोचलाय. त्याला तीन महिन्यांच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. कोणाचं कोणाला लागलं, हे आता कोणी सांगू शकत नाही आणि ते शोधण्यात अर्थही नाही. घर दहा बाय बाराचं, खिडकी एक, तीही मागच्या भिंतीला टेकलेली. त्याच खोलीत आठ वर्षांपूर्वी एकानं गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या.

आता मूळ प्रश्न. दीड वर्ष लेकरं सांभाळणारी ही बाई फाइलमध्ये का नव्हती? कारण त्या देशाच्या कायद्यात ती कुटुंब नाही. नर्सच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला नवरा किंवा बायको आणि १८ वर्षांच्या आतली मुलं नेता येतात. आईबाप नाही. म्हाताऱ्या आईबापांसाठी वेगळा रस्ता आहे, पण जुलै २०१२ पासून त्याच्या अटी इतक्या कडक आहेत की तो रस्ता कागदावरच उरला आहे. आधी लेकीला तिथं कायम राहण्याचा हक्क मिळाला पाहिजे. मग आईला आजारपणानं, अपंगत्वानं किंवा वयानं स्वतःचं अंघोळ-खाणंही होत नाही, हे दाखवायचं. त्यावर, अशी काळजी घेणारं इथं कोणी मिळत नाही, किंवा लेकीच्या पैशांनीही ते परवडत नाही, हेही दाखवायचं. म्हणजे आई धडधाकट असेल तर नको, अंथरुणाला खिळली तर बघू. आणि तेव्हाही, लेक चांगली कमवत असेल तर इथंच बाई ठेव म्हणतील. माझ्या मते हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांनी आजीच्या जीवावर चालणारं घर कधी पाहिलं नसावं. त्यांच्या दवाखान्यात आमची लेक रात्रपाळी करते, ती इथं आजी लेकरांपाशी निजते म्हणून. त्यांना लेकीचे हात पाहिजेत. त्या हातांना मोकळं करणारी बाई त्यांच्या हिशेबात नाही.

कॅनडाचं थोडं वेगळं आहे. तिथं आईबापांना सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण वैद्यकीय तपासणी लागते आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. शुगर-बीपी असलेल्या साठीच्या माणसाला तो विमा किती महाग पडतो, ते एकदा विचारून बघा. अमेरिकेत आईबापांसाठी अर्ज करायचा तर मुलगा-मुलगी तिथली नागरिक असावी लागते, नुसतं ग्रीनकार्ड चालत नाही. थोडक्यात काय, नवरा-बायको-लेकरांसाठी दार किलकिलं तरी आहे. आजीसाठी बहुतेक ठिकाणी ते बंद, नाहीतर पैसेवाल्यांसाठी.

इथंच एजंटांचंही सांगून टाकते, कारण या महिन्यातही दोन बाया विचारायला आल्या होत्या. "केअर व्हिसावर जा, सगळं कुटुंब घेऊन जा" असं कोणी सांगत असेल तर त्याच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या केअर वर्करला ब्रिटननं ११ मार्च २०२४ पासून नवरा-लेकरं आणायला बंदी केली, आणि २२ जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबवली. नर्सचं वेगळं आणि केअर वर्करचं वेगळं. हा फरक एजंट मुद्दाम सांगत नाही. सहा महिन्यांचा जीडीए कोर्स केलेल्या पोरींना तो "नर्स" म्हणतो, त्यांच्या आयांना ते ऐकून बरं वाटतं आणि बचत गटातून कर्ज निघतं.

मावशीच्या त्या वाक्याकडं परत येते. ती एकटीच असं बोलत नाही. आपल्या प्रत्येक घरात रमाईचा फोटो आहे. ७ फेब्रुवारीला आपण वस्तीत कार्यक्रम करतो आणि त्यागावर भाषणं होतात. मीही केली आहेत. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, पुढं लंडनला गेले, आणि ती वर्षं रमाईंनी मुंबईच्या चाळीत कशी काढली ते आपण सांगतो, सांगायलाच पाहिजे. चार लेकरं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. २७ मे १९३५ ला दीर्घ आजारानं त्या स्वतः गेल्या, तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. पण ऐकणाऱ्या बाया यातून काय घेऊन घरी जातात? दुखणं अंगावर काढणारी ती चांगली बाई, हे घेऊन जातात. मी हे मोठ्या आदरानं, पण स्पष्ट बोलते. रमाईंवर ती वेळ गरिबीनं आणि जातीनं आणली होती. गल्लीच्या टोकाला फुकट तपासणी होत असताना आज खोकला लपवणं याला त्याग म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. येत्या जयंतीला भाषणांच्या शेजारी एक टेबल लावू, वजनकाटा ठेवू आणि पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला खोकला विचारू, असं मी आमच्या मंडळाला सांगितलं आहे. दोघांनी तोंड वाकडं केलं. बायांनी नाही केलं.

ज्या घरातून कोणी परदेशी जाणार आहे, त्या घराला माझं म्हणणं एवढंच. व्हिसाची फाइल उघडाल त्याच आठवड्यात मागे राहणाऱ्या माणसाचीही फाइल उघडा. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या, जाणाऱ्यांची आणि राहणाऱ्यांचीही, आणि तीही सरकारी दवाखान्यात फुकट, मुंबईची तारीख घ्यायच्या आधी. पूर्वी कोणी गोळ्या खाल्ल्या असतील तर आत्ताच बोला, कार्ड शोधा, उपचार पूर्ण केल्याचा कागद मिळवा. जुना डाग दिसला की तो कागद असलेला बरा. आणि एखाद्याला टीबी निघालाच, तर घरातल्या बाकीच्यांना रोग नाही याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या मिळतात, त्या मागून घ्या. रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. खात्यात येत नसतील तर आशाताईला विचारा, लाजू नका.

आमच्या विदर्भातल्या बौद्ध घरांना आणखी एक सांगायचं आहे, सिकलसेलचं. आपल्या समाजात तो बराच आहे, हे नागपुरात कोणाला नव्यानं सांगायला नको. ब्रिटनच्या व्हिसासाठी फक्त टीबी तपासतात; सिकलसेलमुळं, शुगरमुळं किंवा बीपीमुळं तो अडत नाही. म्हणून लपवायचं काही कारणच नाही. उलट सिकलसेलग्रस्त लेकरू थंड देशात जाणार असेल तर जास्त जपावं लागतं. गारठा आणि अंगातलं पाणी कमी होणं, दोन्हींमुळं वेदनांचा झटका येऊ शकतो. विमानाच्या लांबच्या प्रवासात त्याला तासातासाला पाणी पाजत राहा. रक्ताचा मूळ रिपोर्ट, लसींचं कार्ड, हायड्रॉक्सियुरियाची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, आणि तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडं नाव नोंदवून त्याला हे सगळं दाखवा. एका बाईनं मला सांगितलं, "तिकडं गेल्यावर नवी सुरुवात, जुनं दुखणं काहून सांगायचं?" तिला मी काय उत्तर दिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

कागदांचं दोन ओळींत. आपली लग्नं वंदना घेऊन, जयमंगल गाथा म्हणून होतात आणि बहुतेकांची नोंदणी राहून जाते. विहारातला दाखला घरी जपून ठेवा, पण परदेशात सरकारी विवाह नोंदणीचंच प्रमाणपत्र मागतात. लग्नाला पंधरा वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. आणि शंभराच्या स्टॅम्प पेपरवर पंचांसमोर झालेली सोडचिठ्ठी कोर्टात टिकत नाही. एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या आणि आता त्यांना सोबत नेऊ बघणाऱ्या बायांचं घोडं याच कागदावर अडतं, कारण दुसरा पालक इथं असताना लेकरांची पूर्ण जबाबदारी माझीच आहे, हे त्यांना सिद्ध करावं लागतं. कोर्टाचा रस्ता लांब आहे. लेक परीक्षेला बसते तेव्हाच तो धरा.

मागे राहणाऱ्या माणसाच्या फाइलमध्ये काय असावं, ते मी आता मावशीसोबत शिकते आहे. तिच्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात. रात्री दुखलं तर कोणाला हाक मारायची त्या दोन घरांचे नंबर, भिंतीवर, मोबाइलमध्ये नाही. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते. आयुष्मान कार्ड, आणि ७० च्या पुढं असेल तर उत्पन्न न बघता मिळणारं वेगळं कार्ड. लेकीनं पाठवलेला पैसा जावयाच्या नाही, आईच्या स्वतःच्या खात्यात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे खरं बोलणं. बहुतेक घरांत आजीला सांगतात, "आम्ही जातो, सहा महिन्यांत तुला बोलावतो." हे खोटं असतं आणि सांगणाऱ्याला ते माहीत असतं. आजी मग पिशवी भरून वाट बघत बसते. दुखणं सांगत नाही, कारण आजारी बाईला कोण बोलावेल? मावशीचंही तेच झालं होतं. तिच्या पलंगाखाली दोन नव्या साड्या आणि लोकरीचा स्वेटर होता.

भेटायला मात्र तिला जाता येतं. पाहुण्यांचा व्हिसा सहसा सहा महिन्यांपर्यंतचा असतो, त्यासाठी टीबीचा दाखला लागत नाही. पण त्यावर गेलेल्या माणसाला तिथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर नेहमीच्या दराच्या दीडपट बिल येतं. म्हणून विम्याशिवाय पाठवू नका, आणि विम्याच्या फॉर्मवर शुगर, बीपी, झालेला टीबी सगळं लिहा. शंभर-दोनशे रुपये वाचवायला एजंट "नाही" वर टिक करून देतो आणि मग दावा फेटाळला जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळेचा फरक डॉक्टरकडून समजून घ्यावा. तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार.

मावशीचा उपचार आता चौथ्या महिन्यात आहे. वजन चार किलोनं वाढलं. गोळ्या ती लेकरांच्या फोनच्या वेळी घेते, रात्री साडेनऊला, कॅमेऱ्यासमोर, आणि नातूही तिकडं आपली गोळी तेव्हाच घ्यायचा. त्याचा कोर्स मागच्या आठवड्यात संपला. "आजी, माझं झालं, तुझं किती राहिलं?" असं त्यानं विचारलं तर ही बोटांवर मोजायला लागली. तिच्या पासपोर्टचा अर्ज आम्ही भरायला घेतला आहे. जन्मतारखेपाशी थांबलोय. आधारवर एक जानेवारी आहे, तिची आई सांगायची की ती पोळ्याच्या दिवशी झाली.